कास्तेल्यो, सेबास्त्यां
(१५१५–२९ डिसेंबर १५६३). ख्रिस्ती मानवतावादी पंडित, बायबलचा अनुवादक व धर्मसहिष्णुतेचा पुरस्कर्ता. जन्म सव्हॉयमध्ये. कॅल्व्हिनशी मतभेद झाल्याने जिनीव्हा सोडून तो बाझेलला गेला व तेथे ग्रीकचा प्राध्यापक झाला. त्रैक्याचा सिद्धांत नाकारणाऱ्या सेर्व्हेतसला १५५३ मध्ये जिनीव्हात जिवंत जाळण्यात आले, तेव्हा पाखंड्यांच्या छळाविरुद्धचा संग्रह त्याने टोपणनावाने काढला (१५५४). त्या काळी एवढे धैर्यही थोडे नव्हते. बायबलमधील दुर्बोध स्थळांवरून रक्तपात होऊ नये, कारण सदाचरणाची आज्ञा त्यात सुस्पष्टच आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. फ्रान्समधील यादवीच्या प्रारंभी (१५६२) त्याने कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोहोंनाही सक्तीबद्दल दोष दिला. साहजिकच तो स्वपक्षीयांनाही रुचला नाही. कॅल्व्हिनला त्याने लिहिलेले उत्तर १६१२ पर्यंत अप्रकाशित राहिले.