परवाना खरा, पण चालू आहे काय?

एकाच ठिकाणी ओळख पटवावी आणि तिच्या बळावर अनेक कार्यालयांची दारे उघडावीत, या व्यवस्थेस 'एकल प्रवेश' असे म्हणता येईल. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये सुरू केलेली 'मेरी पहचान' ही सेवा याच प्रकारची होय. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे 'जनपरिचय', तसेच 'ई-प्रमाण' व 'डिजिलॉकर' हे तिच्यात एकत्र आले आहेत.

अशा व्यवस्थेत नागरिकाने परवलीचा शब्द एकदाच द्यावयाचा. त्याच्या बदल्यात केंद्राकडून एक सांकेतिक परवाना, म्हणजे 'टोकन', मिळतो. तो कोणी दिला, कोणत्या कार्यालयासाठी दिला आणि केव्हा संपणार, हे त्यावर लिहिलेले असते. खाली केंद्राची अंकीय स्वाक्षरी असते. म्हणून तपासनीस मुद्दाम खोटे परवाने तयार करतो. एकात एक अक्षर बदलतो, दुसरा मुदत संपलेला घेतो, तिसरा परक्या कार्यालयाचा सादर करतो. तिन्ही नाकारले गेले पाहिजेत.

खरी अडचण याच्या पुढे आहे. समजा, नागरिकाचा दूरध्वनी चोरीस गेला आणि त्याने परवाना रद्द करविला. चोराच्या हातातील परवान्यावरील स्वाक्षरी मात्र पूर्वीइतकीच खरी असते! केवळ स्वाक्षरी पाहणारे कार्यालय त्यास आत घेईल. यावर उपाय दोन: परवान्याची मुदत थोडी ठेवणे, किंवा प्रत्येक वेळी केंद्रास विचारणे. रद्द करण्याची प्रमाणित पद्धत २०१३ मध्ये आणि विचारण्याची २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे तपासनिसाने एक खूणगाठ बांधावी. अस्तित्वात नसलेला परवाना रद्द करावयास सांगितले, तरी प्रमाण पद्धतीनुसार केंद्र 'ठीक' असेच उत्तर देते. तेव्हा त्या उत्तरावर विसंबून चालत नाही. रद्द केलेला तोच परवाना पुन्हा प्रत्येक कार्यालयाच्या दारी नेऊन पाहावा लागतो. एखादे कार्यालय केंद्राचे जुने उत्तर पाच मिनिटे जपून ठेवीत असेल, तर चोरास तेवढी पाच मिनिटे मिळतात. नवा परवाना मिळवून देणारे 'नूतनीकरण टोकन' जिवंत राहिले, तर रद्द करणे व्यर्थच ठरते.

सारांश, दार उघडते हे पाहणे ही अर्धी परीक्षा होय. ते वेळेवर बंद होते काय, हे पाहिल्यावाचून ती पुरी होत नाही.