पेशींची ढाल आणि आपला हक्क

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले आणि गोवंडीच्या वस्त्यांत धूर भरला. अशा धुरातील सूक्ष्म कणांमुळे फुफ्फुसांत 'फ्री रॅडिकल्स' वाढतात. इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी असलेले हे रेणू पेशीचे आवरण आणि डीएनए यांची मोडतोड करतात. अँटिऑक्सिडंट आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात. त्यांपैकी ग्लुटाथिओन पेशी स्वतः बनवते. क जीवनसत्त्व आवळा-पेरूतून, ई जीवनसत्त्व शेंगदाण्यातून मिळते.

पण रोजच्या धुरापुढे ही ढाल अपुरी पडते. दुःखाचे कारण दूर केल्याशिवाय दुःख संपत नाही, ही तथागतांची शिकवण आम्हाला इथेही लागू वाटते. संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवा-पाणी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. म्हणून आहाराबद्दल वस्तीत बोलूया आणि स्वच्छ हवेसाठी संघटितही होऊया. जय भीम!