किल्लीची आगगाडी

कोणाला कसला नाद लागेल याचा नेम नाही. कोणी तिकिटे जमवतो, कोणी अडकित्ते; मी पत्र्याच्या, किल्लीवर चालणाऱ्या जुन्या आगगाड्या जमवतो आणि त्यांची दुखणी बरी करतो. गेली तीस वर्षे माझे बिऱ्हाड लिव्हरपूलला आहे. या गावात राहून हा नाद लागला नसता तरच नवल! मेकॅनोचे पेटंट १९०१ साली घेणारे फ्रँक हॉर्नबी इथलेच. त्यांच्या बिन्स रोडवरच्या कारखान्यातून १९२० साली पहिली हॉर्नबी आगगाडी निघाली. मेकॅनोसारखीच ती नटबोल्ट काढून सुटी करता येई. हा कारखाना १९७९ साली बंद पडला. गाड्या मात्र घरोघरच्या माळ्यांवर राहिल्या.

जुन्या बाजारात मिळणारे इंजिन बहुधा रुसलेलेच असते. किल्ली बसते, पण चाक हलत नाही. विकणारा म्हणतो, “स्प्रिंग तुटली.” पुष्कळदा ती शाबूत असते, वर्षानुवर्षांचे तेल दात्यांत सुकून डिंकासारखे चिकटलेले असते, एवढेच. यंत्र सांगाड्यातून बाहेर काढावे, रॉकेलमध्ये भिजवावे, दाते जुन्या टूथब्रशने घासावेत आणि वाळल्यावर सुईच्या टोकाने थेंबभर पातळ तेल सोडावे. पथ्य एकच: यंत्राला हात घालण्यापूर्वी किल्ली पूर्ण उतरवावी. ताणलेली स्प्रिंग अचानक सुटली, तर बोट कापलेच म्हणून समजा.

दुसरे दुखणे मात्र असाध्य. १९३० नंतरच्या काही चाकांच्या जस्ताच्या ओतीव धातूत शिशाचा अंश राहून गेला. तेवढ्या भेसळीने धातू आतून कुजतो, फुगतो, तडकतो आणि एके दिवशी चाक बिस्किटासारखे हातात चुरते. तिथे नवी चाके बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

पण या सगळ्याहून अवघड प्रश्न रंगाचा. आम्हां संग्राहकांत मूळ रंगाला सोन्याचे मोल! रंग उडाला तरी चालेल, पण नवा देऊ नये, हा आमचा नियम. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या एक आजीबाई डब्यात घालून एक इंजिन घेऊन आल्या. एल. एम. एस. रेल्वेचा गडद तांबडा रंग, जागोजाग टवके उडालेले, टपावर खिळ्याने कोरलेली दोन अक्षरे. इंजिन त्यांच्या थोरल्या भावाचे. भाऊ आता हयात नव्हता. त्या म्हणाल्या, “पणतूला द्यायचे आहे. अगदी नव्यासारखे रंगवून द्या.”

मी त्यांना आमचा नियम सांगितला. किंमत निम्म्यावर येईल, असेही बजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण मला हे विकायचे आहे, असे कोण म्हणाले?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आधी यंत्र दुरुस्त केले आणि त्यांच्यासमोर रुळांवर सोडले. गाडी खडखडत तीन फेऱ्या मारून थांबली. आजीबाईंनी टपावरच्या अक्षरांवरून बोट फिरवले. “यासाठी त्याला वडिलांचा मार बसला होता,” त्या म्हणाल्या, “सगळे रंगवा. टपाला तेवढा हात लावू नका.”

तसेच केले. आमच्या मंडळींनी नाके मुरडली, पण मला वाटते, आजीबाईंचाच हिशेब बरोबर होता. खेळणे काचेच्या कपाटात बसवले की ते नुसती वस्तू होते. पोराच्या हाती गेले की पुन्हा खेळणे. पणतूने एव्हाना नव्या रंगावर आपले चार ओरखडे उठवलेच असतील.

वाचकहो, या दिवाळीच्या झाडझुडीत तुमच्या माळ्यावर एखादे किल्लीचे खेळणे निघाले, तर ते चिंच लावून घासू नका. पत्र्यावरचे छापील चित्र एकदा गेले की गेले. किल्लीवर जोरही करू नका. जुने तेल काढा, नवे घाला आणि घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाला हाक मारा.