साध्या मजकुरातून मराठी पुस्तिका: अवजारं कुठे अडतात, कशी सुधारतात

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं गाव. इथल्या एखाद्या शिक्षकाने परिसरातल्या जुन्या धानवाणांवर पुस्तिका करायची ठरवली, असं समजा. लुचई, चिन्नोर, हिरानक्की. कोणतं वाण कोणत्या बांधीत चांगलं येतं, रोवणी कधी, भात कसा शिजतो. मजकूर हाताने लिहून झाला की तो गोंदियाच्या डीटीपीवाल्याकडे जातो आणि छापील पानं होऊन परत येतो. मग एखादं कार्यालय वर्डची फाइल मागतं. शाळेतली पोरं मोबाइलवर वाचायला मागतात. डीटीपीवाल्याची फाइल या दोन्ही कामांना येत नाही, म्हणून तोच मजकूर पुन्हा टाइप होतो आणि दर वेळी त्यात नव्या चुका शिरतात.

यावर एक उपाय पंधरा-वीस वर्षांपासून फुकट उपलब्ध आहे. मजकूर एकदाच, साध्या फाइलीत लिहायचा आणि हवा तो साचा त्यातून यंत्राकडून काढून घ्यायचा. इंग्रजीत हे बिनबोभाट चालतं. मराठीत ते कुठे कुठे अडतं, हे इथे सांगायचं आहे.

### साधा मजकूर म्हणजे काय

नोटपॅडसारख्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडते ती फाइल. तिच्यात टंक नसतो, रंग नसतो, समास नसतो. शीर्षकाच्या ओळीआधी # लिहायचं, यादीच्या ओळीआधी - लिहायचं, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे द्यायचे. या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने ती २००४ मध्ये मांडली. तिच्याआधी, २००३ मध्ये, कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या टिपणांसाठी ऑर्ग-मोड सुरू केला होता. त्यातही कल्पना हीच, फक्त खुणा वेगळ्या.

खुणांच्या फाइलीतून पीडीएफ, वर्ड, ईपब किंवा वेबपान काढणारं सर्वांत कामाचं अवजार म्हणजे पॅनडॉक. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. पोटापाण्याचा धंदा वेगळा असलेल्या माणसांनी स्वतःची अडचण सोडवताना ही अवजारं घडवली. साहजिकच ज्यांची अडचण त्यांच्या नजरेसमोर नव्हती, त्यांच्या लिपीची आबाळ झाली. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. मुळात मराठीतून त्यांना फारसं कुणी कळवलंच नाही.

### आधी कृतिदेवातून बाहेर या

गोंदिया मध्य प्रदेशाला लागून आहे. हिंदी-मराठीची सरमिसळ असलेल्या या भागात कृतिदेव टंकाची सवय बोटांत मुरलेली आहे. कृतिदेवातला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलीत असतात रोमन अक्षरं. ‘भारत’ हा शब्द फाइलीत ‘एच, के, के, जे, आर’ असा साठवलेला असतो. पहिली एचची कळ अर्धा भ देते, पुढची के त्याला काना जोडून तो पुरा करते, दुसरी के भाचा काना देते, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. टंक काढून घेतला की पाच रोमन अक्षरांचा कचरा उरतो. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती दिसते आधी.

अशा फाइलीपुढे पॅनडॉकचं काही चालत नाही. शोध लागत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, मोबाइलवर काही वाचता येत नाही. म्हणून पहिली अट युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची. जुना मजकूर बदलून देणारी रूपांतरकं आहेत आणि बरीचशी बरी आहेत. तरी रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घालावीच लागतात, आणि मूळ फाइल कधीही पुसायची नसते. डीटीपीवाला पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमसाठी कृतिदेवच मागेल. त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ मधली आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. त्याला थेट छपाईला तयार पीडीएफ द्यावी, म्हणजे वाद मिटतो.

### पहिल्या पीडीएफात अक्षरंच नाहीत

मार्कडाउनमध्ये मराठी मजकूर लिहिला, पॅनडॉकला पीडीएफ मागितली, की नवख्याला हमखास धक्का बसतो. पॅनडॉक पीडीएफसाठी पडद्यामागे लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीला हाक मारतो. ठरलेलं इंजिन पीडीएफलाटेक. ते पहिल्याच देवनागरी अक्षराला अडतं आणि चूक दाखवून थांबतं. माणूस कुठेतरी वाचून झीलाटेक हे दुसरं इंजिन निवडतो. आता चूक येत नाही, फाइल तयार होते, पण पानं कोरी! कारण ठरलेल्या टंकात देवनागरी अक्षरं नाहीतच. ‘अक्षर सापडलं नाही’ अशा सूचना येतात, पण त्या इंग्रजी ओळींच्या ढिगाऱ्यात कोण वाचतो?

उपाय तीन नोंदींचा आहे. फाइलीच्या माथ्यावर मुख्य टंकाचं नाव द्यायचं आणि भाषा म्हणून ‘एमआर’ हा मराठीचा संकेत द्यायचा. आज्ञा देताना इंजिन म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेक सांगायचं. टंकांची वानवा नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, गूगलचा नोटो, रेड हॅटचा लोहित, आयआयटी मुंबईतला शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत.

भाषेचा संकेत शोभेचा नाही. देवनागरीच्या अनेक टंकांत ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपं मुळात बसवलेली असतात. मराठी वळण टंकात वेगळं दडलेलं असतं आणि भाषा मराठी असल्याचं कळलं तरच ते बाहेर येतं. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा याचे नियमही याच संकेतावरून लागू होतात. मराठीसह अनेक भारतीय भाषांचे हे नियम संतोष तोट्टिंगल या मल्याळी संगणकतज्ज्ञांनी लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेक या प्रणालीसाठी लिहून दिले आहेत.

तीस वर्षांपूर्वीची स्थिती आठवली तर आजची तक्रार किरकोळ वाटते. १९९१ च्या सुमारास फ्रान्स वेल्टहाउस या डच माणसाने टेकमध्ये देवनागरी आणली तेव्हा मजकूर रोमन लिपीत टाइप करून आधी एका मधल्या प्रोग्रॅममधून काढावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकने ती कटकट संपवली. आता राहिलं आहे ते फार साधं: मजकुरात देवनागरी दिसली आणि टंक दिलेला नसला, तर कोरी पानं काढण्याऐवजी अवजाराने थांबून ‘देवनागरी टंक निवडा’ एवढं ठळक सांगावं. माझ्या मते दहा नव्या सोयींपेक्षा ही एक ओळ जास्त लोकांना वाचवील.

### आकडे, तक्ते आणि ळ

मराठी माणूस यादी लिहितो ती अशी: १. लुचई, पुढच्या ओळीला २. चिन्नोर. मार्कडाउनला ही यादी वाटतच नाही. २०१४ मध्ये या खुणांचे नेमके नियम ठरवणारा कॉमनमार्क हा मसुदा आला. त्यात क्रमांक म्हणजे 0 ते 9 हेच अंक, तेही जास्तीत जास्त नऊ. देवनागरी अंक त्यात नाहीत, त्यामुळे सगळ्या ओळी जोडून एक परिच्छेद होतो. मूळ नियम बदला अशी मागणी करता येईल, पण जगभरच्या जुन्या फाइलींवर परिणाम होणार असल्याने ती चटकन मान्य व्हायची नाही. त्यापेक्षा लिहिताना 1. लिहावं आणि छापताना अंक देवनागरीत बदलून घ्यावेत. लाटेकच्या पॉलिग्लॉसिया या बहुभाषी जोडणीत त्यासाठी पर्याय आहे. वेबपानाला यादीचा प्रकार ‘देवनागरी’ सांगितला की ब्राउझर स्वतःच १, २, ३ दाखवतो. पॅनडॉकला २०१७ पासून लुआ भाषेतल्या छोट्या चाळण्या जोडता येतात. देवनागरी क्रमांक ओळखून यादी बांधणारी चाळणी हे एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुट्टीत जमण्यासारखं काम आहे.

तक्त्यांत वेगळीच गंमत. रकाने मोकळ्या जागा मोजून जुळवायचे असतील तर ‘हिरानक्की’ची रुंदी किती धरायची? साठवलेली चिन्हं नऊ, डोळ्यांना दिसणारी अक्षरं चार, आणि पडद्यावर घेतलेली जागा तिसरीच. ऑर्ग-मोडचे तक्ते देवनागरीत वाकडे दिसतात ते यामुळेच. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर एक एकक धरण्याचा नियम आला. तो सगळ्या संपादकांत झिरपायला वेळ लागेल. तोवर उभ्या रेघांनी रकाने तोडणारा तक्ता वापरावा. त्यात जागा जुळल्या नाहीत तरी चालतं.

शेवटी वाणांची सूची लावायची. नुसत्या संकेतक्रमाने लावली तर ळ हा ल नंतर लगेच येतो, कारण युनिकोडात त्याची जागा तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, मग क्ष, ज्ञ. क्रम लावणाऱ्या अवजाराला मराठीचा क्रम मागितला पाहिजे. न मागता मिळत नाही.

### दऱ्यांचा दर्या

‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्यातला र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधायला गेलात तर एक सापडतो आणि दुसरा नाही. वर ‘फालतू चिन्हं काढून टाका’ म्हणून कुणी मजकूर साफ करणारी आज्ञा चालवली की ते अदृश्य चिन्ह जातं आणि दऱ्यांचा दर्या होतो. पुस्तिकेत एकच तऱ्हा ठरवावी. मी स्वतंत्र ऱ ची शिफारस करीन.

पीडीएफमधून मजकूर परत काढतानाही असंच होतं. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या छापण्याच्या क्रमाने ठेवलेल्या असतात. ‘किती’ची पहिली वेलांटी आधी काढली जाते, म्हणून नक्कल करून दुसरीकडे चिकटवलं की ती क च्या आधी जाऊन बसते. दृष्टिहीन वाचकाचं वाचक-सॉफ्टवेअर मग तेच वेडंवाकडं वाचतं. आकृत्यांच्या जोडीला मूळ मजकूरही फाइलीत ठेवण्याची सोय पीडीएफच्या मानकात आहे. झीटेकमध्ये त्यासाठी कळ आहे, पण ती मुळात बंद असते. मराठी दस्तऐवजाच्या प्रत्येक साच्यात ती सुरू करून ठेवायला हवी.

### वर्डची फाइल

इथे एकच मेख लक्षात ठेवायची. वर्ड आणि लिबरऑफिस देवनागरीला ‘गुंतागुंतीची लिपी’ या वेगळ्या खात्यात टाकतात. टंक, आकार, ठळकपणा या सगळ्याच्या दोन-दोन नोंदी: एक रोमनसाठी, एक आपल्यासाठी. पहिली बदलून मराठी अक्षर हलत नाही म्हणून लोक वैतागतात. पॅनडॉक आता ठळक शब्दासाठी दोन्ही नोंदी लिहितो. टंकासाठी मात्र आपल्या नमुना-फाइलीच्या शैलींत दुसरं खातं स्वतः भरून ठेवावं लागतं. एकदा भरलं की प्रत्येक निर्यातीला तीच नमुना-फाइल चालते.

### बिघाड कळवायचा कसा

‘मराठी नीट दिसत नाही’ असं कळवलं तर कुणीही काही करू शकत नाही. अवजार घडवणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही, हे धरूनच लिहायचं. चाळीस पानांची पुस्तिका जोडू नका. बिघडणारा एक शब्द असलेली फाइल द्या. कोणती आज्ञा दिली, अवजाराची आवृत्ती कोणती, टंक कोणता, तेही लिहा. जे आलं त्याचं चित्र आणि जे यायला हवं त्याचं चित्र शेजारी ठेवा. शब्दातल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक दिलात तर निम्मं काम झालं, कारण चूक मजकुरात, टंकात की प्रोग्रॅममध्ये हे त्यावरून ठरतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. आधी कुणी तेच कळवलं आहे का, हे मात्र पाहून घ्यावं.

### पोवारी शब्दांखाली लाल रेघ

पुस्तिका शुद्धलेखन तपासनिसातून काढली की पान लाल होतं. लिबरऑफिसमागचा तपासनीस हुनस्पेल हा लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी घडवला. शब्दाला प्रत्ययांची शेपटं लागणाऱ्या भाषा त्याला नव्या नाहीत. तरी ‘दवनीवाडा’चं ‘दवनीवाड्या’ होतं आणि त्यापुढे ‘त’, ‘तल्या’, ‘तल्यांना’, ‘तल्यांनासुद्धा’ लागतं, हे नियमांच्या फाइलीत कुणीतरी लिहून द्यावं लागतं. मराठीचा कोश आहे, पण गोंदिया-भंडाऱ्याच्या बोलण्यातले शब्द त्यात मिळायचे नाहीत. इथल्या झाडीबोलीत ण, ळ, श हे वर्ण टिकत नाहीत, त्यामुळे म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं की जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची ठरते. इथल्याच पोवारी बोलीचं तर व्याकरणच वेगळं.

पोवारीला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत ‘पीडब्ल्यूआर’ असा स्वतंत्र संकेत आहे, म्हणजे तिचा स्वतंत्र कोश बनवायला तांत्रिक अडथळा नाही. हुनस्पेलचा कोश हीसुद्धा एक साधी मजकूर-फाइल असते. पहिल्या ओळीत शब्दांची अंदाजे संख्या, मग दर ओळीला एक शब्द. नियमांची फाइल सुरुवातीला दोन-तीन ओळींची असली तरी भागतं. प्रत्यय नंतर जोडता येतात. वाणांची, शेतीच्या अवजारांची, नात्यांची आणि सणांची नावं पुस्तिकेसाठी गोळा झालेली असतातच. ती ओळीला एक अशी उतरवून काढली की कोशाचा पहिला खर्डा तयार.