चाचणी मध्येच थांबली, म्हणजे औषध वाईट?

मुरबाडच्या वस्तीतल्या एका ताईंनी मला हेच विचारलं. दरवेळी तसं नसतं, ताई.

पुण्याच्या 'नारी' संस्थेसह नऊ देशांत एचआयव्हीची चाचणी झाली. १७६३ जोडपी, लागण दोघांपैकी एकालाच. निम्म्यांना गोळ्या लगेच, बाकीच्यांना प्रतिकारशक्ती घटल्यावर. आकडे वेगळी समिती अधूनमधून तपासायची. जोडीदाराकडून २८ जणांना लागण झालेली दिसली. त्यातले २७ उशिरा गोळ्यांच्या गटातले! आता कुणाला ताटकळत ठेवणं अन्यायच. मे २०११ मध्ये निकाल मुदतीआधी जाहीर झाला, सगळ्यांना गोळ्या देऊ केल्या. २०१७ पासून आपल्या सरकारचंही धोरण तेच: लागण कळताच मोफत गोळ्या.

शहापूर-मुरबाडकडे कुणी चाचणीचा कागद आणला, तर अंगठ्याआधी विचारा, "मध्येच थांबली तर आमच्या औषधाचं काय?"