शेताला नाव कुठून येतं?

सातबाऱ्यावर शेताला गट नंबर असतो, पण गावात कुणी नंबर सांगत नाही. ‘चिंचेच्या पट्टीत पाणी सोडलंय’ असंच म्हणतात, मग चिंच केव्हाच तोडलेली का असेना. झाड, विहीर, माती, इनाम, कशावरूनही नाव पडतं. ही नावं जाणत्यांकडून आत्ताच लिहून घ्यायला हवीत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते देशावरचं ‘थळ’. पूर्वी मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्या, घराण्याची वडिलोपार्जित जमीन म्हणजे थळ. त्याला बहुधा त्याच घराण्याचं आडनाव असे. घराणं निर्वंश झालं किंवा परागंदा झालं, की जमीन गतकुळी ठरे. तरी गावाच्या थळझाड्यात, म्हणजे थळांच्या नोंदीत, जुनंच नाव राही. नांगर दुसऱ्याचा, थळ पहिल्याचं.