सेंद्रिय म्हणजे काय?

बी. ए. द्वितीय वर्ष

शहरातल्या दुकानांवर हल्ली 'सेंद्रिय गूळ', 'सेंद्रिय डाळ' अशा पाट्या दिसतात. सेंद्रिय म्हणजे रसायन न मारलेले, असा अर्थ आपण घेतो. रसायनशास्त्रात मात्र कार्बनचा सांगाडा असलेली बहुतेक सारी संयुगे सेंद्रिय होत. त्या न्यायाने साखर सेंद्रिय, रॉकेल सेंद्रिय आणि कपाशीवर फवारले जाणारे मोनोक्रोटोफॉस हे जहालही सेंद्रियच! कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या घरी कापूस पिकतो आणि फवारणीचा पंप वडिलांच्या पाठीवर असतो, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

नत्र, स्फुरद, पालाश ही नावे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्याच्याही तोंडी असतात. यांपैकी पालाश म्हणजे पोटॅशियम, हा धातू. नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस, हे दोन्ही अधातू. कार्बन, हायड्रोजन, प्राणवायू आणि गंधक त्यांत मिळवले की सजीवांच्या घडणीतले मुख्य अधातू पुरे झाले.

कार्बनच्या अणूला चार हात आहेत असे समजावे. तो आपल्याच जातीच्या अणूंचे हात धरून लांब साखळ्या करतो, आणि मोकळे राहिलेले हात हायड्रोजन धरतो. नुसत्या या दोघांचे झाले ते रॉकेल अन् मेण. पाण्याशी त्यांचे जमत नाही. प्राणवायू ठिकठिकाणी जोडला गेला की स्वभाव पालटतो, म्हणून साखर पाण्यात विरघळते. नत्र आला की प्रथिने आणि युरिया. युरिया फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतो, अशी समजूत होती. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर याने तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. आज त्याच्या गोणीवर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते.

गंधकाची ओळख नाकाला आधी होते. अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो; पाकळी ठेचली की आतली द्रव्ये एकत्र येऊन गंधकयुक्त ॲलिसिन तयार होते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते तेही गंधकाच्याच एका संयुगामुळे. पेनिसिलिनच्या रेणूतही गंधकाचा एक अणू आहे. ते देशात बनवण्यासाठी सरकारने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली. आमच्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतही औषधांचे कारखाने आहेत, आणि तिथे चालणारे बरेचसे काम याच मोजक्या अधातूंची जुळवाजुळव होय.

आता मोनोक्रोटोफॉस. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ७, हायड्रोजनचे १४, प्राणवायूचे ५, नत्राचा १ आणि स्फुरदाचा १ अणू असतो. यातले एकही मूलद्रव्य आपल्या शरीराला परके नाही. स्फुरद तर हाडांत आहे, पेशीपेशीत आहे. घात होतो तो जोडणीमुळे. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. या विषातला स्फुरदाचा अणू नेमका त्या विकराला चिकटून बसतो. मग निरोप पुसलाच जात नाही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि शेवटी श्वास बंद. किडा मरतो तो असाच, आणि माणूसही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी ज्या औषधांची चर्चा झाली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासूनच बंदी होती. आपल्याकडे याला 'औषध' म्हणतात, हे मला नेहमी खटकते. तोंडाला उपरणे बांधले की झाले, असे आमच्याकडे मानतात; पण हे विष कातडीतूनही शिरते. भिजलेले कपडे लगेच उतरवून अंग साबणाने धुवायला हवे. त्रास झालाच तर रोग्याला घाटीत नेताना डबाही बरोबर न्यावा, कारण स्फुरदाचे विष आहे हे कळले की डॉक्टरांना ॲट्रोपिनचे इंजेक्शन लवकर देता येते.

डब्यावर चौकोनी खूण असते. तिचा खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. बाकीचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. आमच्या घरी तो मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम गेल्या खरिपापासून माझ्याकडे आहे.